फोटोतला करदोडा

इचलकरंजीत आमच्या घरात माणसं सहा आणि धड शर्ट चार. वडील दुसऱ्याच्या शेडमध्ये माग चालवायचे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. कापसाचे तंतू भाकरीच्या पिठात जायचे, आमटीत तरंगायचे, वडिलांच्या भुवयांवर तर कायम बसलेले असायचे. गावभर कापड होतं. आमच्या दारावरून हातगाड्या भरभरून तागे जायचे. पण शाळेचा शर्ट एकच. तो संध्याकाळी धुवायचा आणि वाळेपर्यंत आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरून अभ्यास करायचा.

सातवीत असताना तो शर्ट पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत उसवला. मी दिवसभर वर्गात भिंतीला पाठ लावून बसलो. गुरुजींनी फळ्याजवळ बोलावलं तर उठलो नाही, म्हणून छड्या खाल्ल्या. छड्या चालल्या, पण पाठ दाखवली नाही. घरी आल्यावर शेजारची काकू म्हणाली, "कापड विणणाऱ्याचं पोरगं, आणि ही दशा!" आईनं सुई घेतली.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी अभिमानानं सांगतो, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा अजून बसस्टँडवर अनोळखी माणसालाही सांगतात, "माझा पोरगा इंजिनेर हाय, अमेरिकेत." मी मिशिगनमध्ये नोव्हाय नावाच्या गावात राहतो. गाड्यांचे ब्रेक आवाज का करतात ते शोधतो. पुण्यामुंबईचे, नागपूरचे पुष्कळ मराठी इंजिनियर इथं गाड्यांच्या कंपन्यांत आहेत, त्यांतला एक.

आणि मी एका मासिकात लिहितो. कपड्यांशिवाय मोकळ्या हवेत राहणाऱ्या लोकांचं ते मासिक आहे.

हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. मला कधी नोकरीची भीती वाटली, कधी व्हिसाची. मराठी मंडळातल्या काकाकाकूंची तर कायमच होती. पण खरी भीती एकच होती. आबांना कळलं तर ते बसस्टँडवर माझ्याबद्दल पुन्हा कधी बोलणार नाहीत.

सुरुवात पक्ष्यांपासून झाली. मला फोटोंचा नाद आहे. आमच्या लॅबमधला एक म्हातारा तंत्रज्ञ निवृत्त होताना म्हणाला, "माझ्या तळ्यावर निळे बगळे येतात. ये कॅमेरा घेऊन. पण आधीच सांगतो, तिथं आम्ही कोणी कपडे घालत नाही." मला वाटलं चेष्टा करतोय. गेलो तर चेष्टा नव्हती. फाटकाशी एका आजीबाईंनी माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला आणि नियम सांगितले. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो नाही. फोटोत जो येईल त्याची कागदावर सही हवी. खुर्चीवर बसायचं तर आपला टॉवेल अंथरूनच. आजीबाईंच्या अंगावर चष्म्याशिवाय काही नव्हतं. मी जमिनीकडे बघत सगळ्याला हो म्हणत राहिलो.

पहिले दोन तास मी पँट घालून बगळ्यांचे फोटो काढले. कोणी काही म्हटलं नाही, आणि त्यानंच मला जास्त अवघडल्यासारखं झालं. तिसऱ्या तासाला आधी शर्ट, मग पँट उतरवली. पाठीला वारा लागला आणि काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. एवढंच सांगतो, की तिथं बसलेल्या वीसपंचवीस म्हाताऱ्यांत कोणाच्या घरी किती शर्ट आहेत हे कोणालाही कळायला मार्ग नव्हता.

भीती मात्र पहिल्या दिवसापासून सोबत आली. मिशिगनमध्ये गाडीला नंबरप्लेट फक्त मागे असते. म्हणून मी गाडी उलटी घालून तिची मागची बाजू झुडपात खुपसून लावायचो. तंत्रज्ञ हसायचा. "अरे, बँक लुटून आल्यासारखी गाडी लावतोस तू!"

बायकोला मी त्याच आठवड्यात सांगितलं. ती नागपूरची, फटकळ. आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "मी येणार नाही. तू जा. पण चेहरा नाही, नाव नाही. आणि आबांना कळलं तर मला मधे घ्यायचं नाही, सांगून ठेवते."

फाटकावरच्या त्या आजीबाईच मासिकाच्या संपादक निघाल्या. पूर्वी शाळेच्या ग्रंथालयात होत्या. त्यांनी माझा बगळा छापला. मग म्हणाल्या, "फोटो काढताना जे दिसलं ते लिहून दे." मी लिहिलं. दुसरा लेख मी भज्यांवर लिहिला. तळ्यावरच्या सामुदायिक जेवणाला मी बटाट्याची भजी तळायला घेतली, आणि पहिला घाणा कढईत पडताच उघड्या पोटावर तेल उडून जो काही नाचलो, त्यावर. त्या लेखात मी म्हटलं होतं की माणसानं सगळं सोडावं पण एप्रन सोडू नये. तो लोकांना आवडला. लेखाखाली माझी फक्त आद्याक्षरं होती. कंपनीबाहेर कमाई करायची माझ्या व्हिसावर परवानगी नाही, म्हणून मानधन घेतलं नाही. ब्रेकवरच्या माझ्या कुठल्याही रिपोर्टवर माझं नाव येत नाही. ती दोन अक्षरं छापलेली बघून मी ते पान गाडीत बसून तीनदा वाचलं.

घोटाळा पुढच्या वसंतात झाला. मी दुसऱ्या कॅमेऱ्याला टायमर लावून स्वतःचा एक फोटो काढला. सकाळची वेळ, लाकडी धक्का, मी कॅमेऱ्यामागे बसलेलो, पाठमोरा, समोर पाण्यात बगळा. फोटो चांगला होता, मीच सांगतो. मासिकाकडे पाठवण्याआधी मी तो संगणकावर मोठा करून इंचइंच तपासला. चेहरा नाही. गाडी नाही. घड्याळ काढलेलं. पाठीवर ओळखू येईल असा तीळ नाही. प्रूफ आलं, तेही ओके केलं.

मग एक दिवस बायकोनं माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितला.

"अरे, हे काय?"

"काय?"

"कमरेला बघ ना. करदोडा!"

मला तो दिसलाच नव्हता. आमच्याकडे पुरुषाच्या कमरेला तो काळा दोरा लहानपणापासून असतो. अंघोळीलाही काढत नाहीत. करदोडा नसेल तर माणूस नागडा, असं जुनी माणसं म्हणतात. म्हणजे आईच्या मतानं मी त्या तळ्यावर एकदाही नागडा गेलो नव्हतो! पण फोटोत तो पाठीच्या खाली आडवा, ठळक दिसत होता. इतर कोणासाठी तो नुसता दोरा असेल. मराठी माणसाला बघताक्षणी कळणार की हा आपल्यातला. आणि आमच्या घरच्यांना त्याहून जास्त कळणार, कारण माझा करदोडा आई स्वतः मागाच्या सुताचा वळते आणि इकडे येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवते. काळा आणि लाल, दोन पदरी.

बायको म्हणाली, "बाकी सगळं उतरवलंस आणि सही तेवढी ठेवलीस."

संपादकबाईंना फोन केला. अंक छापायला गेला होता. "प्रूफ तूच पास केलंस," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

आबांचं तिकीट आधीच काढलेलं होतं. बहिणीचं बाळंतपण आलं म्हणून आई मागं राहिली. आबा एकटेच जूनमध्ये तीन महिन्यांसाठी आले.

नोव्हायमध्ये म्हाताऱ्या माणसाला करायला काही नसतं. आबांनी स्वतःला काम शोधलं. कॉलनीच्या कोपऱ्यावर सगळ्या घरांच्या टपालपेट्या एकत्र आहेत. आमच्या पेटीची किल्ली त्यांनी मागून घेतली आणि रोज दुपारी टपाल आणायला लागले. नुसतं आणायचे नाहीत. भाजीच्या सुरीनं प्रत्येक पाकीट कापून आतले कागद टेबलावर ओळीनं मांडायचे. पिझ्झ्याच्या जाहिरातीसुद्धा. "तुला येळ न्हाई, म्हून लावून ठेवतोय," म्हणायचे.

संपादकबाईंना सांगितलं, लेखकांना पाठवता तो माझा अंक पाठवू नका. त्या बरं म्हणाल्या. पण मी वर्गणीदारही होतो, आणि वर्गणीदारांच्या पाकिटांवरचे पत्ते छापखान्यात आपोआप लागत होते, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही. नंतर त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा पाकीट निघालं होतं. त्यानंतर मी रोज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून गाडी काढून वीस मिनिटं घरी यायचो, टपालगाडी यायच्या वेळेला पेटीजवळ उभा राहायचो. माझ्याकडे जादा किल्ली होती. आबा चपला घालून यायचे तर मी तिथं उभा.

"आज बी आलास? हापिसात काम न्हाई व्हय?"

"जवळच आलो होतो, आबा."

नवव्या दिवशी मीटिंग लांबली. ब्रेकच्या आवाजाचे आलेख दाखवताना माझा स्वतःचाच आवाज कापत होता. मॅनेजरनं विचारलं, बरं आहे ना? मी हो म्हटलं. घरी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते.

टेबलावर कागद मांडलेले होते. विजेचं बिल, दातांच्या डॉक्टरचं कार्ड, पिझ्झा. त्यांच्या ओळीत ते मासिक, उघडलेलं. पान उलटू नये म्हणून आबांनी त्याच्यावर मिठाची बरणी ठेवली होती. बायको ओट्याशी पाठ करून उभी होती. आपल्याला मधे घ्यायचं नाही असं तिनं आधीच सांगितलं होतं.

आबा म्हणाले, "ह्यो कोण?"

मी ऑफिसची बॅग खुर्चीला अडकवायला लागलो.

"ह्यो दोरा तुझ्या आईनं वळलाय. उलट्या पिळाचा. असा पीळ आमच्या गल्लीत दुसरं कोण घालत न्हाई. आनि चेहरा न्हाई म्हून मला कळणार न्हाई वाटलं? ही पाठ मी दिवाळीला उटणं लावून घासलीया."

बायकोला राहवलं नाही. "आबा, तशी वाईट जागा नाही ती. सगळी म्हातारी माणसं असतात."

"म्हंजी म्हाताऱ्या बी?"

ती परत ओट्याकडे वळली.

आबा उठले. आवाज चढवला नाही. "मी जन्मभर काय केलं? लोकांनी अंगावर घालावं म्हून कापड विणलं. आनि तू शिकून काय केलंस?"

ते वर खोलीत गेले. मी मिठाची बरणी उचलली तर मीठ पानावर सांडलं.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. निरोप बायकोकडून. "त्येला सांग, भात गार होतोय." मी समोर बसलेला. रोज सकाळी ते आईला व्हिडिओ कॉल लावायचे, आणि मी ऑफिसला जायचं सोडून जिन्यात उभा राहून ऐकायचो. ते खारींबद्दल बोलायचे. दुधाच्या भल्यामोठ्या कॅनबद्दल बोलायचे. मधेच थांबायचे, तेव्हा मला वाटायचं, आता. आता सांगतील. मग म्हणायचे, "बरं, ठेव."

चौथ्या दिवशी शनिवार होता आणि संपादकबाईंचा फोन आला. वाचकांची पत्रं आली होती. सगळे विचारत होते, त्या माणसाच्या कमरेला दोरा कसला? बाईंना त्यावर लेख हवा होता. आईबद्दल लिही, म्हणाल्या, सुताबद्दल लिही. "पण आद्याक्षरांवर नाही चालणार. माणूस स्वतःच्या घरची गोष्ट सांगतो तेव्हा मला त्याचं पूर्ण नाव लागतं. एकदा एकानं सगळं खोटं लिहून मला फसवलं होतं."

मी फोन ठेवला. आबा सोफ्यावर होते. तीन दिवसांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"कोण बाई?"

मी सांगितलं. सगळं. पहिल्या बगळ्यापासून. दडवायचं आता राहिलं नव्हतंच.

"पुरं नाव म्हंजी?"

"माझं, मग तुमचं, मग आडनाव."

"म्हंजी मधे मी."

"हो."

आबांनी टीव्ही बंद केला. "मग मला बघाय पायजे ती जागा."

त्या रविवारी मी वडिलांना तळ्यावर घेऊन गेलो. या वाक्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आबांनी पांढरा शर्ट, पँट आणि टोपी घातली होती. मी त्या दिवशी अर्धी चड्डी आणि टीशर्ट काढला नाही. काढणं शक्यच नव्हतं. वाटेत चार वेळा वाटलं, गाडी परत फिरवावी. फाटकावर संपादकबाई होत्या. त्यांनी आज अंगावर चादर गुंडाळली होती, माझ्या वडिलांसाठी. आबांनी नमस्कार केला आणि नजर बाईंच्या कपाळावर रोवली, ती तिथून हलवली नाही.

तंत्रज्ञ आला, खांद्यावर टॉवेल टाकून. हात मिळवला. आबा त्याच्याकडे बघेनात, मग कुठे बघावं म्हणून टॉवेलाकडे बघायला लागले. जरा वेळानं त्यांनी टॉवेलाचं टोक चिमटीत धरलं. काठ उलटा करून बघितला. नखानं धागा ओढला.

"ह्येला इचार, कुठनं घेतला."

मी विचारलं. त्यानं दुकान सांगितलं.

"फसवलाय त्येला. आडवा धागा ढिला हाय. चार धुण्यांत भोकं पडतील."

मी भाषांतर केलं. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. शेजारची बाई म्हणाली, माझा बघा. तिचा आबांना पसंत पडला. मग आणखी चारपाच जण आपापले टॉवेल घेऊन आले आणि माझे वडील खुर्चीवर बसून एकेक काठ तपासायला लागले, पेठेत माल बघतात तसे. ते फक्त कापडाकडे बघत होते. मी मागे उभा राहून सांगत होतो, हा बरा, हा वाईट, आणि माझ्या पाठीवरून घामाची धार वाहत होती. कारण आबांना मी ओळखतो. ते लोकांत कधी चिडत नाहीत. घरी येऊन चिडतात.

संपादकबाईंनी संमतीचा कागद पुढे करून फोटो काढू का विचारलं. आबा म्हणाले, "फोटो नगं." बाईंनी कागद लगेच मागे घेतला. आबांनी ते नीट बघून ठेवलं.

परतताना गाडी हायवेला लागली.

"माणसं वाईट न्हाईत," आबा म्हणाले. "पर हे काय मला पटत न्हाई. आधीच सांगतो."

"हो, आबा."

"तू भितोस कुणाला एवढं? गाडी झुडपात घालतोस, पेटीपाशी उभा ऱ्हातोस."

"तुम्हाला."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी जन्मभर कापड विणलं. ताग्याच्या काठावर शेठचं नाव. माझं नाव कुठं छापून आलं न्हाई. लाईटबिल सुदीक घरमालकाच्या नावानं यायचं. आनि आता छापून येणार, तर असल्या पुस्तकात यावं व्हय रं?"

ते हसले की काय, मान वळवून बघायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर आबांनी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही. लेख लिहून तयार होता, पण पाठवला नाही. त्यांच्या नावावर माझा हक्क नव्हता. ते नाही म्हणाले तर मी लिहिणं तिथंच थांबवणार होतो. हे कोणाला बोललो नव्हतो, पण ठरवलं होतं. ऑगस्ट संपेपर्यंत प्रत्येक जेवणाला मला वाटायचं, आता म्हणतील.

जायच्या दिवशी विमानतळावर, सिक्युरिटीच्या रांगेत शिरताना, त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आईला मी सांगीन. माझ्या पद्धतीनं. तू मधी पडू नगंस."

"बरं."

"आनि घाल नाव. पुरं घाल. अर्धं घालून चोरासारखं हिंडू नगंस."

पुढे गेले. मागे वळून बघितलं नाही. मीही थांबलो नाही, गाडीकडे निघालो.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. लेख आल्यावर मराठी मंडळातल्या दोन घरांनी आम्हाला बोलावणं बंद केलं. गणपतीत एक काकू प्रसाद देताना म्हणाल्या, "तुम्ही लिहिता म्हणे," आणि मोदक हातात न ठेवता ताटलीत ठेवला. ऑफिसात अजूनही कोणी दार लावून बोलायला लागलं की मी कान टवकारतो. आईनं फोनवर एवढंच विचारलं की दोरा जुना झाला का, नवीन पाठवू का.

आजवर त्या मासिकात माझे नऊ लेख आणि चोवीस फोटो छापून आले आहेत. पहिल्या चार लेखांवर आद्याक्षरं आहेत. नंतरच्या पाचांवर माझं पूर्ण नाव आहे, मधल्या आबांच्या नावासकट.